फाट्यांची गोष्ट, एक लॅपटॉप आणि ३८ मुलं

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. सहावीचा वर्ग, ३८ मुलं, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. तुम्ही पॉवरपॉइंटमध्ये जंगलात हरवलेल्या मुलाची गोष्ट केलीत आणि प्रत्येक वळणावर दोन बटणं ठेवलीत. स्लाइड वाढत वाढत साठाच्या घरात गेल्या, तरी निम्म्या अजून अपुऱ्याच आहेत. मुलं बटण सोडून भलतीकडेच क्लिक करतात आणि गोष्ट कुठल्या कुठे जाते. मनाला सगळ्यात जास्त लागलेलं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय: पहिल्या दिवशी नुसता कल्ला झाला, दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली बारा वर्षं आमच्या वर्गात अशी एक तरी गोष्ट दरवर्षी तयार होते. आम्ही तिला ‘फाट्यांची गोष्ट’ म्हणतो, कारण फाटा म्हणजे काय हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. एसटीतून फाट्यावर उतरायचं आणि ठरवायचं, इकडे की तिकडे.

क्लिकचा त्रास आधी मिटवू, तो दहा मिनिटांत मिटतो. पॉवरपॉइंट मुळात भाषणासाठी केलेलं. भाषणात एकामागून एक स्लाइड येते, म्हणून पडद्यावर कुठंही क्लिक केलं की ते पुढची स्लाइड दाखवतं. ‘ट्रान्झिशन्स’मधली ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढली तरी स्पेसबार आणि बाणांच्या कळा चालूच राहतात, आणि पोरांचा हात नेमका तिकडेच जातो. त्यापेक्षा ‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘सेट अप स्लाइड शो’ उघडा आणि तिथे ‘ब्राउज्ड ॲट अ किऑस्क’ निवडा. मग तुम्ही जोडलेली बटणंच तेवढी चालतात. बाकी पडद्यावर कितीही टिचक्या मारल्या तरी गोष्ट जागची हलत नाही, एस्केप दाबल्यावरच बाहेर येते.

पण हे केल्यावर आणखी काही गोष्टी बदलतात आणि तिथेच बरेच जण ‘हे चालत नाही’ म्हणून सोडून देतात. हातातला रिमोट चालत नाही, माउसच लागतो. क्लिक केल्यावर दिसणारी ॲनिमेशनं अडकून बसतात, ती ‘आफ्टर प्रिव्हियस’वर करून घ्या. आणि ‘ट्रान्झिशन्स’मध्ये ‘आफ्टर’समोर चुकून वेळ टाकलेली असेल, तर मुलांचा वाद ऐन रंगात असताना स्लाइड आपोआप पुढे सरकते. ती खूण सगळ्या स्लाइडवरून काढा.

लिंक अक्षरांना देऊ नका, आकाराला द्या. अक्षरांना दिली की ती निळी होतात, खाली रेघ येते, आणि तेवढ्या बारीक ओळीवर माउस नेमका नेणं लहान हातांना जमत नाही. मोठा चौकोन काढा, त्यात वाक्य लिहा, चौकोनाची कड निवडा, ‘इन्सर्ट’मधून ‘ॲक्शन’, मग ‘हायपरलिंक टू’ आणि त्यात ‘स्लाइड’. समोर स्लाइडच्या शीर्षकांची यादी येते. शीर्षक दिलं नसेल तर नुसतं ‘स्लाइड १७’, ‘स्लाइड १८’ असं दिसतं आणि चुका सुरू होतात. म्हणून प्रत्येक स्लाइडला शीर्षक द्याच. ते मुलांना दिसायला नको असेल तर शीर्षकाची चौकट ओढून स्लाइडच्या बाहेर करड्या जागेत ठेवा. पडद्यावर दिसत नाही, यादीत मात्र राहतं. या एका युक्तीने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

गूगल स्लाइड्समध्ये किऑस्कची सोय नाही. तिथे संपूर्ण स्लाइड झाकेल असा पारदर्शक चौकोन काढायचा, त्याला त्याच स्लाइडची लिंक द्यायची आणि बटणं त्याच्या वर ठेवायची. चुकीचं क्लिक त्या चौकोनावर पडतं आणि गोष्ट जागीच राहते. लिब्रे ऑफिस इम्प्रेस वापरत असाल तर बटणाच्या आकारावर उजवं क्लिक करून ‘इंटरॅक्शन’ मिळतं, आणि स्लाइड शोच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीवर क्लिक करून स्लाइड बदलण्याची खूण काढता येते. तिन्हीत गोष्ट तितकीच चांगली होते, सॉफ्टवेअरवरून अडून बसू नका.

आता साठ स्लाइडचं. तुमचं गणित मुळातच चुकलेलं नाही, झाडाचं गणितच तसं आहे. एका स्लाइडवरून दोन, दोनावरून चार, चारावरून आठ. पाच फाटे झाले की एकूण ६३ स्लाइड होतात, सहा झाले की १२७. मूल गोष्ट एकदा खेळतं तेव्हा त्या ६३ पैकी फक्त सहा स्लाइड त्याच्या वाट्याला येतात. बाकीच्या ५७ साठी तुम्ही रात्री जागलात.

त्याऐवजी वाटा परत जुळवा. गावाकडचा ओढा जसा खडकापाशी दोन धारांत फुटतो आणि पुढे एक होतो, तसं. फाट्याची एक स्लाइड, दोन्ही निर्णयांच्या परिणामांच्या दोन, आणि तिथून दोघी पुढच्या एकाच फाट्यावर. एका फाट्याला तीन स्लाइड. पाच फाट्यांच्या पंधरा, सुरुवातीची एक, शेवट तीन वेगवेगळे: झाल्या १९. एवढ्या एका आठवड्यात नीट होतात आणि प्रत्येकीवर मनापासून लिहिता येतं.

इथे तुम्ही म्हणाल, वाटा परत एकच होणार असतील तर मुलाच्या निर्णयाला अर्थ काय राहिला? शंका रास्त आहे. पॉवरपॉइंटला आठवण नसते. दुसऱ्या फाट्यावर काय निवडलं हे त्याला पाचव्या फाट्यावर माहीत नसतं. मॅक्रो, म्हणजे पॉवरपॉइंटच्या आतला छोटा प्रोग्रॅम, लिहून करता येतं, पण मॅक्रोची फाइल दुसऱ्या संगणकावर बहुतेक वेळा अडवली जाते, आणि आपल्या वेळेत तो खटाटोप परवडत नाही. आम्ही ती आठवण फळ्यावर ठेवतो. फळ्याच्या उजव्या बाजूला चार ओळी: धान्य किती पायल्या (पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप), रोख किती, जनावरं किती, घरात माणसं किती. परिणामाच्या प्रत्येक स्लाइडवर खाली लिहिलेलं असतं, ‘धान्य दोन पायल्या कमी करा’. एक मूल खडू घेऊन उभं असतं, त्याला आम्ही कोठीवाला म्हणतो. गोष्टीच्या शेवटी स्लाइड विचारते, ‘कोठीत काय उरलं?’ आणि फळा बघून वर्ग तीनपैकी आपला शेवट निवडतो. वाटा जुळल्या तरी निर्णयाची खूण पुसली जात नाही, ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. खडू हातात असलेल्या मुलाला वजाबाकीचा कंटाळा आलेला मी अजून पाहिला नाही.

आता खरा प्रश्न, दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही तो. तुम्ही गोष्टीतल्या दोन फाट्यांची वाक्यं प्रश्नासोबत दिली आहेत, त्यावरून सांगते. ‘डावीकडे जा’ आणि ‘उजवीकडे जा’. डावीकडे वाघ, उजवीकडे झोपडी. दुसऱ्या फाट्यावर ‘अनोळखी फळ खा’ आणि ‘फळ खाऊ नका’. पहिल्यात मुलाजवळ ठरवायला काहीच माहिती नाही, ते फासे टाकल्यासारखं झालं. दुसऱ्यात उत्तर आधीच ठाऊक आहे, ती चाचणी झाली. फासे एकदाच मजा देतात, आणि चाचणीत बरोबर उत्तर कळल्यावर पुन्हा कोण जाईल? फाटा तोच खरा, जिथे दोन्हीकडे जायला भलं कारण असतं आणि दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतं. क्लिकच्या आधीची पाच मिनिटं मुलं आपापसांत भांडली नाहीत, तर तो फाटा काढून टाका. स्लाइड कितीही सुंदर असो.

आमच्या बहात्तरच्या गोष्टीचं उदाहरण देते, त्यात हे नीट दिसेल.

आमचा भाग अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ प्रत्येक घरात अजून बोलला जातो. आजी-आजोबा नुसतं ‘बहात्तर साली’ म्हणतात, पुढे दुष्काळ हा शब्दही लावत नाहीत. मुलांनी गोष्ट लिहायला घेतली ती अशी: एक शेतकरी कुटुंब, आई-वडील, आजी, दोन मुलं, बैलजोडी, चार एकर कोरडवाहू. पाऊस गेला. पुढे काय?

पहिल्या खर्ड्यात मुलांनी टँकरची स्लाइड केली. घागरींची रांग, टँकर आला, झुंबड, भांडण. त्यांनी २०१३ च्या उन्हाळ्याबद्दल घरी ऐकलं होतं, दुष्काळ म्हणजे टँकर हेच त्यांच्या डोक्यात. मी ती खोडली नाही. घरी जाऊन विचारून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग एकच वाक्य घेऊन आला: ‘तवा खायाला नव्हतं, प्यायाला होतं.’ आमच्या गावात त्या साली विहिरींना तळाशी का होईना पाणी होतं, धान्य मात्र मिळत नव्हतं. टँकरची स्लाइड मुलांनी स्वतःच काढली. त्या जागी रेशनच्या दुकानापुढची रांग आली आणि लाल मिलोची भाकरी आली. परदेशातून आलेली ती ज्वारी घशाखाली उतरायची नाही, असं एकीची आजी म्हणाली होती. ते वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर गेलं.

तिसरा फाटा बैलांचा. माघ महिना, कडबा संपत आलेला. एक बटण: ‘बैल बाजारात विकू. पैशांत धान्य येईल.’ दुसरं: ‘बैल चारा-छावणीत नेऊ. वडील तिथेच राहतील, घरात मजुरी एकाचीच.’ वर्गात हात वर करून मोजणी घेतली तर विकणारे बरेच जास्त. पोटाचा प्रश्न होता, मुलांना ते सरळ वाटलं. आमचा नियम असा की क्लिकच्या आधी दोन्ही बाजूंनी दोन-दोन कारणं वर्गासमोर बोलली गेलीच पाहिजेत. दुसऱ्या बाजूने कुणी उठेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभरात तो वर्गात क्वचितच बोलला असेल. ‘बैल इकले तर पुढच्या मिरगाला पेरायचं कशानं?’ एवढंच म्हणाला आणि बसला. वर्ग गप्प. मग कुणीतरी म्हणालं भाड्याने आणू, कुणी म्हणालं भाड्याचे तरी कुणाकडे असतील, सगळ्यांनीच विकले असतील. हे शेवटचं वाक्य ऐकून मी खडू खाली ठेवला. सहावीतलं मूल ‘सगळ्यांनीच तेच केलं तर काय होईल’ इथपर्यंत आपणहून पोचलं होतं. फेरमोजणीत वर्ग जवळजवळ अर्धा-अर्धा झाला. तास संपल्याची घंटा झाली तरी माउसला कुणी हात लावला नव्हता.

त्या फाट्याचा परिणामही लगेच येत नाही, हे मुद्दाम बघा. विकल्यावर पुढच्याच स्लाइडवर पैसे येतात, कोठीत धान्य येतं, सगळं बरं चाललेलं असतं. जून १९७३ मध्ये पाऊस येतो तेव्हा फळ्यावर जनावरांसमोर शून्य असतं. आणि शेवटच्या स्लाइडवर पोळा. बैल राखले असतील त्या शेवटात झूल आणि घुंगरं. विकले असतील त्यात आजी दारात बसून मातीचे बैल करते आहे. मातीच्या बैलांची कल्पना मुलांची, माझी नाही. परिणाम उशिरा येऊ द्या. आयुष्यात तो तसाच येतो, आणि गोष्टीत मुलांना मागे वळून फळ्याकडे बघावं लागतं.

‘शाबास, बरोबर!’ आणि ‘अरेरे, चुकलं! पुन्हा प्रयत्न करा’ अशा स्लाइड तुम्ही केल्या असतील तर त्या आजच काढा. बैल विकणारं कुटुंब चुकलं होतं का? त्या साली हजारो शहाण्या माणसांनी बैल विकले. गोष्टीने न्याय करू नये, काय घडलं ते दाखवावं.

चौथ्या फाट्यावर आम्ही दोन बटणं ठेवली होती: सगळ्यांनी मुंबईला जायचं, किंवा सगळ्यांनी इथेच राहून खडी फोडायच्या सरकारी दुष्काळी कामावर जायचं. गोष्ट पुरी झाल्यावर एका मुलीच्या आजीला वर्गात बोलावलं. त्यांना खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या, मुलांमध्ये. मुलांनी गोष्ट वाचून दाखवली. चौथ्या फाट्याला थांबून विचारलं, आजी, तुम्ही काय केलंत? त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘यातलं एकबी न्हाई. धनी म्हमईला गेलं, मी पोरं घिऊन खडीवर. सुकडी मिळायची, पोरांना तीच.’ सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं पौष्टिक खाणं. मग आजींनी हात पुढे करून अंगठ्याच्या पेराजवळचा जुना वण दाखवला. हातोडी लागलेली. मुलं एकेक करून वाकून बघत होती.

त्याच दिवशी तिसरं बटण आलं. ‘वडील मुंबईला, आई मुलांना घेऊन खडीवर, आजी घरी.’ तीन जागी तुटलेलं घर आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की फाट्यांची बटणं पक्की करण्याआधी, ज्याने तो प्रसंग जगला आहे अशा एका तरी माणसाला विचारायचं. आपण टेबलापाशी बसून दोन टोकं काढतो. माणसं बहुतेक वेळा मधली अवघड वाट काढतात.

ही गोष्ट इतिहासाच्या तासाला जोडणं पुढे सोपं झालं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. मुलांनी स्वतः भागाकार केला: दहा माणसांत एक खडीवर. मग वर्गातल्या दर दहाव्या मुलाला उभं केलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, या गोष्टी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगितल्या असत्या तर सनावळी म्हणून निसटल्या असत्या. चौथ्या फाट्यावर अडलेल्या मुलांनी त्या कान देऊन ऐकल्या, कारण त्यांचं कुटुंब तिथे उभं होतं.

अशा खऱ्या शब्दांसाठी एक सोय सांगते. सुकडी, मिलो, पायली, छावणी, हे आजच्या सगळ्या मुलांना माहीत नसतात. प्रत्येक शब्दाची एक छोटी स्लाइड करा, गोष्टीतल्या शब्दावर पारदर्शक चौकोन ठेवून तिची लिंक द्या, आणि त्या स्लाइडवरच्या ‘परत’ बटणाला ‘लास्ट स्लाइड व्ह्यूड’ ही ॲक्शन द्या. गोष्टीत कुठूनही आलात तरी तिथेच परत जाता. गूगल स्लाइड्समध्ये हे नाही, तिथे शब्दार्थ वर्गाच्या भिंतीवर लावा.

भाषेचं एक सांगायचंच आहे, कारण यात मराठीची स्वतःची अडचण आहे. अशा गोष्टीत वाचणाराच नायक असतो, म्हणून मुलं ‘तू’ लिहायला लागतात. ‘तू घराबाहेर पडलास.’ लगेच मुली म्हणतात, बाई, पडलास का, पडलीस का नाही? बरोबरच आहे त्यांचं. आपलं क्रियापद लगेच मुलगा की मुलगी ते सांगून टाकतं. आम्ही तीन वाटा वापरतो. ‘आपण निघालो’, यात सगळे सामावतात आणि घरातली सगळी माणसं मिळून ठरवताहेत असंही वाटतं. नाहीतर ‘तुम्ही निघालात’. आणि ‘तू’च हवं असेल तर वाक्य असं फिरवायचं की क्रियापद वस्तूप्रमाणे चालेल: ‘तू भाकरी बांधून घेतलीस, दार ओढून घेतलंस.’ भाकरी स्त्रीलिंगी, दार नपुंसकलिंगी, करणारं कुणीही असो. प्रयोगांचं व्याकरण मी फळ्यावर कितीतरी वेळा शिकवलं असेल, पण मुलांना ते कळलं इथे, स्वतःच्या गोष्टीतली मुलगी ‘पडलास’मध्ये अडकल्यावर.

बटणावरचं वाक्यही असंच निगुतीने लिहायला लावा. ‘पर्याय १’ नको, ‘होय’ आणि ‘नाही’ही नको. बटणावर कृती हवी आणि जमलं तर कारण: ‘उरलेलं बियाणं पेरू, पाऊस येईलच.’ ‘बियाणं दळून खाऊ, आजी आजारी आहे.’ एवढ्यावरच वर्ग पेटतो. बाकी स्लाइडवर चाळीस-पन्नास शब्दांच्या वर जाऊ नका. शेवटच्या बाकावरून वाचता आलं पाहिजे, त्यासाठी अक्षर २८ च्या खाली नको.

एक लॅपटॉप आणि ३८ मुलं ही अडचण वाटते, पण या प्रकाराला एकच पडदा जास्त मानवतो, असं माझं मत आहे. प्रत्येकाच्या हातात टॅब असता तर प्रत्येकाने मुकाट्याने बटण दाबलं असतं आणि बैलांचा तो वाद झालाच नसता. कामं वाटून द्या: एक वाचणारा, एक माउसवाला, एक कोठीवाला, दर फाट्याला बदलत. माउस वर्गातल्या हुशार मुलाकडे कायमचा देऊ नका. मोजणी हात वर करून. हरलेल्या गटाने वहीत लिहायचं, आपली वाट धरली असती तर काय झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांची वाट पडद्यावर घ्यायची आणि त्यांनी लिहिलेलं आधी वाचायचं. तुमचा दुसरा दिवस असा परत मिळतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे गोष्ट तुम्ही करू नका, मुलांना करू द्या. तुम्ही रात्री जागून केलेली गोष्ट मुलं एकदा बघतील. त्यांनी केलेली ती सातवीच्या वर्गात नेऊन दाखवतील, तिथे कुठे हसले, कुठे अडले ते बघून परत येऊन दुरुस्त करतील. सुरुवात संगणकावर नाही, भिंतीवर. वहीच्या अर्ध्या कागदावर एकेक प्रसंग, भिंतीला चिकटवायचा, आणि फाट्यापासून परिणामापर्यंत सुतळी ताणायची. ज्या कागदाला बाहेर जाणारी सुतळी नाही तो अडकलेला प्रसंग, लगेच दिसतो. ज्याला आत येणारी नाही तिथे कुणी पोचणारच नाही. आमची भिंत पाच-सहा दिवस तशीच असते, येता-जाता पोरं सुतळ्या बदलतात. वीज गेली की तिच्यावरच गोष्ट खेळता येते, आणि आमच्याकडे वीज जातेच. कागदांना आकडे घालू नका, नावं घाला: ‘बैलबाजार’, ‘खडी’, ‘पोळा’. मधे एक प्रसंग वाढला की आकडे कोसळतात, नाव टिकतं. तीच नावं पुढे स्लाइडची शीर्षकं होतात.

टाइप करताना सगळे एकाच फाइलमध्ये घ्या, आणि बटणांच्या लिंका सर्वांत शेवटी, एका बैठकीत. गटागटाच्या वेगळ्या फाइल करून नंतर एकत्र चिकटवल्या की लिंका तुटू शकतात. स्लाइडची नक्कल करून नवी केलीत तर नकलेवरची बटणं जुन्याच जागी नेतात, माझ्या अनुभवात बहुतेक चुका इथल्या. ‘नेक्स्ट स्लाइड’ अशी लिंक देऊ नका, क्रम बदलला की ती दुसरीकडेच जाते. नाव निवडून दिलेली लिंक स्लाइड कुठेही हलवली तरी बरोबर पोचते. आणि अक्षरं युनिकोडमध्येच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली एक गोष्ट मी केंद्रसंमेलनात दाखवायला नेली होती. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली. सोबत आलेल्या दोन मुलींनी मग पूर्ण गोष्ट तोंडपाठ सांगितली, फाट्यावर थांबून समोरच्या शिक्षकांना विचारत. छान सांगितली. पण त्यांचे काळवंडलेले चेहरे मला अजून आठवतात. मंगल, निर्मला किंवा मुक्त यांपैकी एक फॉन्ट घ्या आणि फाइल जिथे दाखवायची तिथे आदल्या दिवशी उघडून बघा.

सगळं जुळलं की फाइल ‘पॉवरपॉइंट शो’ म्हणून सेव्ह करा, ती थेट पूर्ण पडद्यावर उघडते. मूळ फाइल वेगळी ठेवा. तपासायला ती गोष्ट न पाहिलेलं चौथीतलं एक मूल बसवा आणि मागे हाताची घडी घालून उभे राहा, काही बोलू नका. ते जिथे थांबून तुमच्याकडे वळून बघेल तिथे काहीतरी राहिलंय.

तुमची जंगलाची गोष्ट टाकून देऊ नका, सर. मुलांसमोर ठेवा आणि विचारा, यातल्या कुठल्या फाट्यावर तुम्हाला खरंच विचार करावा लागला? तो एक फाटा ठेवा, बाकीचे काढा. मग हा मुलगा जंगलात आला कशाला, घरी कोण वाट बघतंय, त्याच्या पिशवीत काय आहे, हे त्यांनाच ठरवू द्या. तीन फाटे, ११ ते १३ स्लाइड, एवढंच पहिल्या खेपेला. सोमवारी भिंत आणि सुतळी, गुरुवारपर्यंत कागद पक्के, शुक्रवारी टाइप, शनिवारी सकाळच्या शाळेत खेळ. तुमच्या गावाजवळ खरंच जंगल असेल तर बुधवारी तिथल्या एखाद्या गुराख्याला वर्गात बोलवा आणि त्याला त्या फाट्याशी उभं करा.